टाकीखालच्या बागेतला खोबऱ्या

माझी पीएचडी शेवाळावर आहे. त्यामुळे किस्से कसे साठतात हे मला थोडंफार कळतं, असं मला वाटतं. चूकही असेन. शेवाळ कुणी पेरत नाही, त्याला कुणी खत घालत नाही. पाणी जरा एका जागी थांबलं, की आठवड्याभरात काठावर हिरवी रेघ दिसायला लागते. माणसांचंही तसंच. पाच रिकामी म्हातारी माणसं रोज सकाळी एका जागी थांबली, की त्यांच्यात किस्से आपोआप धरतात. आमचे धरले ते जुन्नरला, पाण्याच्या टाकीखाली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुण्याच्या कॉलेजातून निवृत्त होऊन मी जुन्नरला मुलीकडे राहायला आलो होतो. आमच्या कॉलनीत पाण्याची उंच टाकी होती आणि तिच्या पायथ्याशी दीडएक गुंठा मोकळी जागा. मोकळी म्हणजे नावाला! गाजरगवत, फुटक्या कुंड्या आणि चाक नसलेली एक हातगाडी. मुलगी एक दिवस म्हणाली, "बाबा, दिवसभर घरात बसून काळजी करण्यापेक्षा तिथे जाऊन काळजी करा. तिथे काही म्हातारी माणसं बाग करतायत."

मी गेलो. तिथे धोतर खोचून एक उंच गृहस्थ गाजरगवत उपटत होते. हे दगडूतात्या. निमगाव साव्याची शेती मुलांवर सोपवून धाकट्याकडे जुन्नरला आलेले. मी माझी ओळख करून दिली. सवयीने डिग्रीसकट.

"शेवाळाची डिग्री? म्हंजी शेवाळ काढायची का वाढवायची?"

"अभ्यास करायची."

तात्यांनी मला खालून वर पाहिलं. "असू द्या," ते म्हणाले. "गवत तरी उपटता येतंय ना?"

*

मी मोठ्या तयारीने गेलो होतो. सगळ्यांची ओळख व्हावी म्हणून टाइप केलेले फॉर्म नेले होते. नाव, वय, पूर्वीचा व्यवसाय, बागकामाचा अनुभव, अपेक्षा. पाच प्रती, कार्बन घालून.

तात्यांनी फॉर्म हातात घेतला, वाचला आणि त्यात वांग्याचं बी गुंडाळलं.

"सर, ह्ये फारम भरून मानूस कळत न्हाई. ज्यानं त्यानं आपापलं झाड आनावं. लावायचं, आन लावता लावता सांगायचं, ह्ये कुठलं, आपल्याशी त्याचं काय नातं. तुमाला लिहायचीच हौस आसंल तर त्ये लिवा."

असा आमचा नियम झाला. झाड लावील त्याने एक आठवण सांगायची. आठवण नसेल तर झाड नाही. मी एक लांब रजिस्टर आणलं. उरलेल्या चार कार्बन प्रतींचं काय झालं, मला माहीत नाही. पण त्या वर्षी वांगी चांगली आली.

*

मी स्वतः मेथी लावली. आठवण काही विशेष नव्हती. लहानपणी आई मेथी निवडायला बसवायची, एवढंच. तात्या म्हणाले, "चालंल. तुमच्या मानानं बरी हाय."

मेथी मी शास्त्रशुद्ध लावली. दोरी बांधली, पट्टी लावली, दोन दाण्यांत ठराविक अंतर. तात्या कडेला उकिडवे बसून पाहत होते. "सर, प्येरताय का मोजनी आनलीय?"

मेथी तीन-चार दिवसांत उगवते. माझी आठ दिवस झाले तरी नाही. तात्यांनी शेजारी नुसती मूठ फेकली होती, ती तरारून आली! मी हवामान, माती, पाण्याचा क्षार अशी सगळी कारणं वहीत मांडली. शेवटी तात्यांनी मला रंगेहाथ पकडलं. दात कोरायच्या काडीने मी एकेक दाणा उकरून मोड आलाय का ते बघत होतो.

"रोज बघता?"

"दोनदा," मी खरं सांगितलं.

"आवो सर, रोज दोन टायमाला उठवलं तर ते बिचारं झोपंल कवा आन उगवंल कवा?"

आमच्यातले रज्जाकभाई पत्र्याचं काम करायचे. झाऱ्या, डबे, चुलीवरची धुराडी, सगळं. झाडांच्या पाट्याही तेच तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून करायचे. मी त्यांना झाडांच्या शास्त्रीय नावांची यादी दिली होती. त्यांनी ती नीट घडी करून खिशात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या वाफ्यात पाटी ठोकली. लाल ऑइलपेंटने लिहिलं होतं: "मेथी. सरांची. वाट बघणे चालू."

*

पाणी घालायचं वेळापत्रक गुलाबरावांकडे होतं. गुलाबराव म्हणजे एसटीचे निवृत्त कंट्रोलर. तीस वर्षं स्टँडवरच्या त्या जाळीच्या खिडकीमागे बसलेला माणूस. त्यांनी फाटकावर फळा लावला. "वांगी, ७.१०, मार्गे टोमॅटो. दोडका, ७.२५, जलद." आणि शिट्टी! वांग्याला सात अकराला पाणी पडलं, की त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

एकदा त्यांना ताप भरला. सकाळी नातीच्या हाती चिठ्ठी आली. आम्हाला वाटलं, औषध वगैरे हवं असेल. चिठ्ठीत लिहिलं होतं: "कर्मचाऱ्याअभावी ७.२५ दोडका रद्द. प्रवाशांनी सहकार्य करावे."

*

आता हौसाबाईंबद्दल सांगायला हवं. खरं म्हणजे त्यांच्यासाठीच हे सगळं लिहितोय. पण नीट जमेल की नाही, या भीतीने इतका वेळ मेथी आणि दोडका सांगत बसलो.

हौसाबाई आंबेगाव तालुक्यातल्या, डिंभ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावच्या. ते गाव धरणात गेलं. मुलाने जुन्नरला फ्लॅट घेतला, तिसऱ्या मजल्यावर. एक दिवस त्या रंगाचा गंजका डबा कडेवर घेऊन आल्या. मूल घ्यावं तसा. डब्यात हातभर उंचीचं आंब्याचं झाड होतं.

"खोबऱ्या हाय," त्या म्हणाल्या.

खोबऱ्या हे त्यांच्या सासरच्या परड्यातल्या रायवळ आंब्याचं नाव. ओल्या खोबऱ्यासारखी चव. गाव उठायच्या आधीच्या शेवटच्या हंगामात त्यांनी एक कोय आणून डब्यात लावली. पाच वर्षं ते झाड गच्चीवर तसंच उभं. वाढेना, मरेना.

डब्यातून काढायचं कसं, हा प्रश्न होता. मुळांनी आत वेटोळी घातली होती. मी म्हटलं, ओढलं तर मुळं तुटतील, न ओढलं तर झाड मरेल. दोन्ही बाजूंनी मला फक्त नुकसान दिसत होतं. रज्जाकभाईंनी पिशवीतून पत्र्याची कात्री काढली, डब्याला कान लावला, दोन ठिकाणी टिचकी मारली, आणि शिंप्याने कापड कापावं तसा डबा सरळ वरून खाली उभा कापला. झाड मातीच्या गोळ्यासकट अलगद त्यांच्या हातात आलं. एक मूळ तुटलं नाही.

"रज्जाकभाई, सुईनच झाला की राव!" तात्या ओरडले.

मग नियमाप्रमाणे आठवण. हौसाबाई माती लोटता लोटता खाली बघूनच बोलल्या.

"मी बारा वर्साची सासरी आले. सासरा लई कडक. सुनंशी बोलायची रीत न्हवती. पर खोबऱ्याच्या दिसांत रोज सकाळी पान्याला गेले, की रांजनाच्या कडंला येक आंबा ठिवल्याला आसायचा. कुनी ठिवला त्ये त्यानं कवा सांगितलं न्हाई, आन मी कवा इचारलं न्हाई. चाळीस वर्सं. बास. लिवा."

मी लिहिलं.

"सर," त्या उठता उठता म्हणाल्या, "येकदा खायचाय मला. मग काय न्हाई."

तिथून पुढे मला झोप लागेनाशी झाली. कारण एक गोष्ट तिथे फक्त मला माहीत होती. निदान मला तसं वाटत होतं. कोयीपासून केलेलं आंब्याचं झाड आईसारखं निघत नाही. फुलात दुसऱ्या कुठल्या तरी झाडाचे पराग आलेले असतात. जन्माला येतं ते वेगळंच काहीतरी. खोबऱ्याची चव पुन्हा हवी असेल, तर खोबऱ्याचीच काडी आणून कलम बांधायला पाहिजे. आणि खोबऱ्या पाण्याखाली होता.

हे हौसाबाईंना सांगायचं, असं मी दुसऱ्या दिवशी ठरवलं. तिसऱ्या दिवशीही ठरवलं.

*

गुलाबरावांची आठवण मी रजिस्टरात लिहिली आहे, ती इथे जशीच्या तशी देतो. त्यांनी कढीपत्ता लावला होता.

"आमच्याकडे वरच्या बाजूला जाणाऱ्या गाडीची पाटी होती. ज्या गावाची पाटी, ते गाव उठलं. पाटी बदलायचा हुकूम आला. मी म्हटलं, बदलू. पण रोज दोन-चार माणसं खिडकीशी यायची आणि त्याच गावाचं नाव घेऊन विचारायची, गाडी कितीला? त्यांना काय सांगू? गाव नाही म्हणून सांगू? मी सांगायचो, पाच वाजता. गाडी पाण्यापर्यंत जायची, माणसं उतरायची, काठावर बसायची आणि त्याच गाडीने परत यायची. बरेच महिने मी पाटी ठेवली. वरून विचारलं तर सांगायचो, पेंटर मिळत नाही."

हौसाबाई शेजारीच खुरपत होत्या. त्या थांबल्या नाहीत की वर पाहिलं नाही. फक्त म्हणाल्या, "त्या गाडीत मी हुते. तीनदा."

गुलाबरावांनी त्या दिवशी शिट्टी वाजवली नाही.

*

रज्जाकभाईंनी अंबाडी लावली. त्यांच्या आजोबांच्या काळापर्यंत घरात हाताने कागद करायचे. जुनी गोणपाटं, चिंध्या, अंबाडीच्या सालीचा वाख, सगळं कुजवून, कुटून, नदीवर धुऊन. "आजोबांच्या अंगाला ओल्या कागदाचा वास यायचा," रज्जाकभाई म्हणाले. "मी कधी केला नाही कागद. एक तरी करायचाय. फक्त एक."

अंबाडी वाढली की तिचा वाख काढायचा, असा बेत. पण झाडं उंच होईनात, नुसती फांद्या फोडून पसरायला लागली. रज्जाकभाई चिंतेत. मी पानं भिंगाखाली बघितली, कीड नाही, रोग नाही. मी त्यावर दोन पानी टिपण केलं, संभाव्य कारणांसह.

कारण हौसाबाईंच्या ओच्यात होतं. त्या दर आठवड्याला कोवळे शेंडे खुडून भाजीला नेत होत्या!

"कागुद करायचा व्हता? मला काय ठावं! मला वाटलं, भाईंनी भाजी लावलीय. तुमाला पन दिली की भाकरीसंगं!"

"दिली," रज्जाकभाई म्हणाले. "आणि मी बोटं चाटून खाल्ली, मावशी. आपलाच कागद खाल्ला."

जेवढा वाख निघाला त्यात जुन्या गोणपाटाची भर घालून त्यांनी शेवटी एक कागद केला. एकच. दोन दिवस वाळवला, शंखाने घोटला. रंगाने तांबूस, कडा वाकड्या, जाडीला चांगला. तात्यांनी तो हातावर तोलून बघितला.

"भाई, ह्याच्यावर लिहायचं का तव्यावर टाकायचा?"

रज्जाकभाई हसले, पण त्यांचे डोळे भरले होते. कागद त्यांनी नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

*

तो कागद कामाला आला. एका सकाळी फाटकावर नगरपरिषदेची नोटीस चिकटवलेली दिसली. ही जागा गाड्या लावण्यासाठी घ्यायचं चाललं होतं. मला वाटलं, संपलं. खोबऱ्या तेव्हा कुठे खांद्याएवढा झाला होता. हौसाबाईंनी नोटीस वाचून घेतली आणि विचारलं, "आमालाच किती येळा उठवत्यात वो, सर?"

अर्ज मी लिहायचा ठरलं. मी चार मसुदे केले आणि चारही फाडले. रज्जाकभाईंनी आपला तो एकमेव कागद पुढे केला. "ह्याच्यावर लिहा. मग फाडता येणार नाही."

मी लिहिलं. गुलाबराव अर्ज देऊन आले. कचेरीतल्या क्लार्कने म्हणे तो फाइलला लावायला दाभण टोचला, तो दाभणच वाकला! अर्ज फाइलला लागेना म्हणून टेबलावरच राहिला. टेबलावर राहिला म्हणून साहेबांनी वाचला. आणि हा कागद आहे तरी कसला ते विचारायला साहेब स्वतः टाकीखाली आले.

साहेब पस्तिशीचे. माझ्याकडे सात मुद्दे लिहून तयार होते, पण मी खिशातून कागद काढेपर्यंत तात्यांनी त्यांना बसायला उपडं घमेलं दिलं. हौसाबाईंनी एक तुळशीचं रोप त्यांच्या हातात ठेवलं.

"लावा. हितं आलेलं मानूस लावल्याबिगर जात न्हाई. आन लावता लावता आठवन सांगायची."

साहेब ओशाळले. इकडेतिकडे पाहिलं. मग बूट काढून खाली बसले. आळं करता करता त्यांनी आपल्या आजीबद्दल सांगितलं, दोनच वाक्यं. ती मी लिहिली, पण इथे देत नाही. तो त्यांचा खासगी विषय आहे.

ते गेल्यावर मी हळहळलो. "मुद्दे राहिलेच की मांडायचे!"

तात्या तंबाखू मळत शांतपणे म्हणाले, "कशाला मांडायचे? आता सायबाचंच झाड हाय हितं. सवताच्या आजीवर कोन गाड्या लावतंय?"

नोटीस पावसाने धुऊन गेली. दुसरी आली नाही.

*

पुढे काही वर्षांनी आमच्याकडे बिबट्याची हवा झाली. उसात बिबटे राहतात, हे सगळ्यांना माहीत होतं. रोज कुठून तरी बातमी यायची. आमच्या बागेत तात्यांनी हौसेने ऊस लावला होता. किती? सहा कांड्या.

एका सकाळी मी एकटाच पोहोचलो. धुकं होतं. उसात काहीतरी हललं. पाचट वाजलं. मग गुरगुर. मी शांतपणे विचार केला, असं मला सांगायला आवडेल. प्रत्यक्षात गुलाबराव, तात्या आणि रज्जाकभाई आले, तेव्हा मी टाकीच्या लोखंडी शिडीवर बाराव्या पायरीवर होतो.

"खाली या सर."

"बिबट्या आहे! उसात!"

तात्यांनी उसाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "सहा उसांत? सर, निम्मा तरी भायेर दिसला आसता की!"

पाचट बाजूला सारून हौसाबाई उठल्या. उसाच्या आडोशाला बसून त्या खोकत होत्या. सकाळचा खोकला, त्यात तो गुरगुरल्यासारखा आवाज. खोबऱ्याला त्या वर्षी पहिल्यांदा मोहोर धरला होता. धुक्याने तो गळतो, म्हणून त्या पहाटेपासून पाचट पेटवून धूर करायच्या तयारीत बसल्या होत्या.

"सर वर कशाला गेलं?" त्यांनी विचारलं.

"मोहर बघायला," रज्जाकभाई लगेच म्हणाले. "वरून चांगला दिसतो."

हा माणूस मला किती वेळा वाचवून गेला, याची मोजदाद नाही.

*

त्या वर्षीचा सगळा मोहोर गळला, आणि माझी लाज अशी की मला बरं वाटलं. आणखी एक वर्ष मिळालं. त्या उन्हाळ्यात मी गुलाबरावांना सगळं सांगून टाकलं, कोय, पराग, कलम, सगळं. म्हटलं, मे महिन्यात पाणी उतरतं. जुनं गाव उघडं पडतं. न जाणो, खोबऱ्याचा एखादा धुमारा जिवंत असेल. एक काडी मिळाली तरी कलम बांधू.

आम्ही कुणाला न सांगता निघालो. स्टँडवर तास गेला, दीड तास गेला, डिंभ्याची गाडी येईना. गुलाबराव खिडकीशी गेले. आतल्या तरुण कंट्रोलरने मान वर न करता सांगितलं, "येईल, येईल."

गुलाबराव परत येऊन बाकावर बसले. मग म्हणाले, "सर, तीस वर्षं मी हेच सांगत होतो. बाहेरून हे इतकं वाईट ऐकू येतं, हे कुणी बोललं नाही हो मला!"

डिंभ्यापासून पुढे आम्ही चालत गेलो. एका मासेमाराने परड्याची जागा दाखवली. जोत्याचे दगड, फुटलेला रांजण, आणि पुरुषभर घेराचा एक काळा खुंट. जिवंत काही नव्हतं. खुंटाला त्याने आपली होडी बांधली होती. मी त्या खुंटाला हात लावला. वनस्पतिशास्त्राचा माणूस, मेलेलं झाड मला एका नजरेत कळतं. तरीही मी नखाने साल खरवडून बघितली. तीन ठिकाणी.

परतताना गुलाबराव म्हणाले, "सांगायचं नाही."

"नाही," मी म्हटलं.

*

पुढच्या वर्षी खोबऱ्याला सात कैऱ्या धरल्या. चार वाऱ्याने गेल्या, दोन पोपटांनी नेल्या. उरलेल्या एकीला रज्जाकभाईंनी जाळीचा पिंजरा केला, झाकणासकट. गुलाबरावांनी पहाऱ्याचं वेळापत्रक लावलं. तात्या, ज्यांनी आयुष्यात एकरांनी पिकं काढली, ते रोज येऊन त्या एका कैरीखाली उभे राहायचे आणि तिला "काय म्हनतीस?" म्हणून विचारायचे.

जूनच्या तोंडाशी ती पाडाला आली. हौसाबाईंनी स्वतःच्या हाताने उतरवली, आठ दिवस गवतात घातली. नवव्या दिवशी आम्ही सगळे टाकीखाली जमलो. आंबा छोटा होता, मुठीत मावेल एवढा, पिवळसर. हौसाबाईंनी तो दोन्ही तळव्यांत फिरवून मऊ केला. देठाकडचा चीक पिळून टाकला. रज्जाकभाईंनी टोपी सारखी केली. मी रजिस्टर छातीशी धरलं होतं. पाच वर्षं ठरवूनही मी ते सांगितलं नव्हतं, आणि आता सांगायला उशीर झाला होता.

त्यांनी डोळे मिटून आंबा तोंडाला लावला. खूप वेळ चोखत होत्या. टाकीतून पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज.

मग त्यांनी डोळे उघडले.

"आंबाट हाय."

माझा बांध फुटला. "हौसाबाई, माफ करा. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कोयीचं झाड..."

"आईवर जात न्हाई," त्यांनी वाक्य पुरं केलं. "आवो सर, शेतकऱ्याची लेक हाय मी. मला ठावं नसंल व्हय?"

मी छातीशी धरलेलं रजिस्टर खाली ठेवलं.

"आन काय वो," त्या आंबा पुन्हा चोखत म्हणाल्या, "त्या खुंटाला होडी बांधत्यात का आजून?"

गुलाबराव टाकीकडे बघायला लागले.

हौसाबाईंनी आंबा संपवला. पार दोरे निघेपर्यंत. मग नळाखाली कोय धुतली, नखाने घासली, पदराला पुसली आणि माझ्या हातात ठेवली.

"ही लावा. लेकरात उतरलं न्हाई, तर नातवंडात उतरतंय."

त्यांचं वय तेव्हा ऐंशीच्या घरात होतं. मी कोय हातात घेऊन चाचरत म्हटलं, "पण हौसाबाई, हिला फळ धरायला अजून सात-आठ वर्षं..."

"मग हुबं काय ऱ्हायलाय सर?" त्या म्हणाल्या. "डबा आना की!"